डोळेवाल्या मामांची साइट

वेबसाइट करून घ्यायला आलेला माणूस रंगावरून तासभर वाद घालतो, लोगो जरा मोठा करा म्हणतो, बायकोला दाखवतो, मेहुण्याला दाखवतो, आणि होस्टिंगचं नाव काढलं की जांभई देतो. "ते तुमचं तुम्ही बघा," म्हणतो. बारकीचा निम्मा धंदा या एका वाक्यावर चालायचा.

बारकी हे तिचं घरातलं नाव. धाकटी म्हणून पडलं आणि केस पांढरे व्हायला लागले तरी सुटलं नाही. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला घडी न केलेले कपडे, हे तिचं ऑफिस. एखाद्या चौकस गिऱ्हाइकाने विचारलंच, तर ती समजावून सांगायची: तुमची वेबसाइट म्हणजे दुकानातला माल. तो मांडायला कुठेतरी गाळा लागतो. तो गाळा म्हणजे होस्टिंग. हे सगळ्यांना पटायचं. त्या गाळ्यात तुमच्यासोबत आणखी कोण कोण राहतं, हे मात्र ती सांगत नसे. एका स्वस्त कंपनीकडून तिने एकच ऐसपैस जागा घेतली होती आणि सगळी गिऱ्हाइकं तिच्यात दाटीवाटीने बसवली होती. या धंद्यात असं बरेच जण करतात, त्यात चोरी काही नाही. एक दंतवैद्य, एक पाळणाघर, कुत्र्यांना शिस्त लावणारी एक बाई, एक बूटवाला, आणि तिचे स्वतःचे मामा.

मामा डोळे बनवायचे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांच्यासाठी कृत्रिम डोळा. घरामागच्या खोलीत त्यांची कार्यशाळा होती. माणसाला खिडकीसमोर बसवायचं आणि त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत तसाच दुसरा बारीक ब्रशने रंगवायचा. पांढऱ्या भागावर लाल रेशमाच्या धाग्याचे तंतू सोडवून चिकटवायचे, म्हणजे शिरा दिसतात. "अगदी स्वच्छ पांढरा केला तर बाहुलीचा वाटतो," मामा म्हणायचे. "माणूस थोडा जागलेला दिसायला पाहिजे."

त्यांच्याकडे येणारी माणसं सहसा फोन करत नसत. मला डोळा पाहिजे, असं अनोळखी माणसाला तोंडाने सांगणं जड जातं. ती लिहायची. म्हणून बारकीने धंदा सुरू केला तेव्हा पहिली साइट मामांची केली, तिच्यावर पत्र लिहायला ईमेलचा पत्ता दिला, आणि त्या पत्त्यावर येणारी पत्रं आपोआप मामांच्या फोनमध्ये पोचतील अशी सोय केली. डोळा कसा काढायचा, कसा धुवायचा, परत कसा बसवायचा, याचे व्हिडिओही मामांनी हौसेने करून टाकले. ते कुठून कुठून लोक बघत, आणि त्यामुळे ती साइट सगळ्यांत जड झाली होती.

बूटवाल्याने सेल लावला आणि त्याच्या साइटवर झुंबड उडाली. होस्टिंग कंपनीचा निरोप आला: तुमच्या जागेवर फार ताण येतोय, आजच्या आज कमी करा, नाहीतर सगळंच बंद करू. खरं तर बूटवाल्याला उचलून स्वतंत्र, मोठ्या जागेत न्यायला हवं होतं. पण "कितीही गर्दी येऊ द्या, आपलं होस्टिंग भक्कम आहे," असं बारकीने त्याला तोंड भरून सांगितलं होतं. आता भर सेलमध्ये त्याच्यासमोर तोंडघशी पडायची तिची तयारी नव्हती. तिने बाकीच्यांवरून नजर फिरवली. दंतवैद्य आरडाओरडा करणार. पाळणाघराची साइट बंद पडली तर मुलांचे आईबाप आभाळ डोक्यावर घेणार. कुत्रेवाल्या बाईची तर तिला कुत्र्यांपेक्षा जास्त भीती वाटायची. राहिले मामा.

दोनच दिवस, तिने स्वतःला सांगितलं. मामा काय, आपलेच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कितीसा वेळ लागतो? लॅपटॉपवर मामांच्या नावासमोर साइट बंद करायचं एक बटण होतं, ते तिने दाबलं. ताण उतरला. सेल दणक्यात झाला, बूटवाल्याने खूश होऊन आणखी दोन दुकानदार तिच्याकडे धाडले आणि त्या गडबडीत बटण तसंच राहिलं.

पुढे कधीतरी मामांचा फोन आला. बारकी तेव्हा बूटवाल्याच्या साइटवर 'माप चुकल्यास बदलून मिळेल' हे वाक्य कुठे बसवावं या विवंचनेत होती.

"बारके, बरेच दिवस पत्रं येत नाहीत गं," मामा म्हणाले. "काही बिघडलंय का? सवडीने बघशील?"

"नाही मामा, सगळं चालू आहे. सीझन नसेल."

"डोळ्यांना कसला गं सीझन?" मामा हसले. "बरं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल."

तिने बघितलं नव्हतं. नुसता साइटचा पत्ता टाकून बघितला असता तरी कळलं असतं, आणि त्याला घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नसता. पण न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही म्हणतात ना, तसं होतं. मामा हळू आवाजात बोलले, आणि हळू आवाजातलं काम बारकी नेहमी उद्यावर टाकायची.

मग एका दुपारी, ताटावर बसलेली असताना, तिला एका अनोळखी बाईचा फोन आला.

"तुम्ही साइटच्या व्यवस्थापक ना? तुमचा नंबर तिथे दिलाय म्हणून केला," बाई म्हणाली. "डोळे बनवणाऱ्या त्या काकांकडे काही थकबाकी आहे का हो? असेल तर आम्ही भरतो. पण त्यांची साइट सुरू करा आणि त्यांचा पत्ता द्या."

बारकीला काही समजेना. बाईने वाचून दाखवलं: "हे खातं स्थगित करण्यात आलं आहे. खातेधारकाने व्यवस्थापकाशी संपर्क साधावा." मग ती भराभर बोलत सुटली, जणू मध्ये थांबली तर फोन बंद होईल. तिची मुलगी सात वर्षांची. डोळ्यात गाठ झाली म्हणून डोळा काढावा लागला. जखम भरली, पण मुलगी शाळेत जायला तयार नाही, घरातसुद्धा हाताने झाकून बसते. डॉक्टरांनी या काकांचं नाव सांगितलं. तीनदा पत्र पाठवलं, तिन्ही वेळा परत आलं.

साइट बंद केली की तिच्यावरचा पत्रांचा पत्ताही बंद होतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांना ती स्वतःच बजावून सांगायची. तिने बाईला मामांचा पत्ता दिला, खरकट्या हातानेच लॅपटॉप ओढला आणि साइट सुरू केली. एक बटण. मामांचा फोटो, खिडकी, ब्रश, सगळं जसंच्या तसं परत आलं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती उठून नुसतीच मोरीपाशी जाऊन उभी राहिली. मग चपला घालून निघाली.

मामांच्या कार्यशाळेत खोकी भरलेली होती. साचे कागदात गुंडाळलेले, घासायचं यंत्र भिंतीपासून ओढून पुढे घेतलेलं. मामी खोक्यावर चिकटपट्टी लावत होत्या.

"बरी आलीस, दोरी धर," मामी म्हणाल्या. "दातांच्या कवळ्या करतो ना, त्याला दिलं सगळं. सोमवारी न्यायला येईल. मी म्हटलं ह्यांना, थांबा जरा. तर म्हणे, बारकीने बघितलंय, सगळं चालू आहे, लोकच यायचे थांबलेत. आता लोकांना गरज नाही तर उगाच कशाला जागा अडवायची?"

मामा खिडकीशी बसून ब्रश पुसत होते. बारकीने दोरी धरली नाही. ती उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली: बूटवाला, सेल, बटण, परत गेलेली पत्रं. मामींच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

"म्हणजे लोक लिहीत होते," मामा म्हणाले.

"हो."

"किती जण?"

"माहीत नाही मामा. पत्रं आत आलीच नाहीत, दारातूनच परत गेली. कोणी लिहिलं ते आता कळायचं नाही."

मामांनी मान हलवली. मग विचारलं, "मी फोन केला होता, तेव्हा तू बघून सांगितलंस ना?"

"नाही," बारकी म्हणाली. "न बघताच सांगितलं."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते पुढचा ब्रश पुसायला लागले. कवळीवाल्याशी मी बोलते, त्याला नवं यंत्र घेऊन देते, पाया पडते, असं ती काहीबाही बोलत राहिली. "शब्द दिलाय, बारके," मामा म्हणाले. "त्याने त्याचं जुनं यंत्र माझ्या भरवशावर काढून टाकलं. आता त्याला कसं अडचणीत आणू?" मग ते मामींकडे वळले. "साचा घ्यायचं सामान कुठल्या खोक्यात आहे? त्या पोरीचा डोळा सोमवारच्या आत करून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई मुलीला घेऊन आली. मुलीने कपाळावरून केस ओढून अर्धा चेहरा झाकला होता. बारकी मदतीला म्हणून आली होती, पण करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दाराशी उभी होती. मामांनी मुलीला घाई केली नाही. तिला आधी रेशमाचा धागा दाखवला, मग तयार डोळ्यांचे नमुने, मग स्वतःचा चष्मा काढून तिला घालायला दिला. साचा घेताना तिने मामांचा अंगठा घट्ट धरला होता. दुपारपर्यंत तिने केस कानामागे टाकले.

रविवारी रंगवायचं काम निघालं. मुलगी खिडकीसमोर बसली, मामा तिच्या डोळ्यातला तपकिरी रंग जुळवू लागले.

"ही वाढेल तसा डोळा बदलावा लागतो ना?" आईने विचारलं. "मग पुढच्या वेळी साधारण कधी यायचं?"

"पुढच्या वेळी मी नाही," मामा म्हणाले. "हा शेवटचा. दुसरं कोण चांगलं करतं, त्याचा पत्ता लिहून देतो. लांब आहे जरा."

बाईने खोक्यांकडे बघितलं. "साइट बंद दिसली तेव्हाच वाटलं. काही भरायचं राहिलं होतं का तुमचं?"

"हो," मामा म्हणाले. "राहून गेलं माझ्याकडूनच. वय झालं."

ब्रश त्यांनी क्षणभरही थांबवला नाही. बारकी दाराशीच उभी होती. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं, मामांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि ते कधीही, कुणाहीपाशी हे काढणार नव्हते. हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकं दुसरं काहीच नव्हतं. यावरच तर तिने ते बटण दाबलं होतं.

"त्यांचं काही राहिलं नव्हतं," ती म्हणाली. "साइट मी बंद केली होती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची नीट चालावी म्हणून."

बाई तिच्याकडे बघत राहिली. "पण मग यांचीच का?"

बारकीने उत्तर शोधलं. ताण, जागा, व्हिडिओ जड होते, असं सांगण्यासारखं बरंच होतं.

"बाकीच्यांनी भांडण केलं असतं," ती म्हणाली. "मामा काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं."

आईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला टिपला.

"मला त्याचं फार वाईट वाटलं, बारके," ते म्हणाले.

मग त्यांनी मुलीला हनुवटी थोडी वर करायला सांगितली आणि पुन्हा रंगवायला घेतलं.