मधल्याचा दगड

तीन राज्यांचा करार ठरला आणि आमचा राजा मद्दुसिला त्यात मधला भाऊ झाला. थोरलेपण शेजारच्या राजा पब्बेआला मिळालं, कारण त्याच्याकडे भातखाचरं जास्त आणि भालेही जास्त. वयानं मात्र तो नऊ वर्षांनी लहान. तरी यापुढे भरसभेत त्याला 'दाएंग' म्हणायचं, म्हणजे दादा.

"त्या पोराला घोड्यावर बसायला मी शिकवलं," राजा माझ्यावरच उखडला. मी त्याचा ताडपत्रं लिहिणारा, त्याला 'पुआंग' म्हणजे महाराज म्हणणारा. "त्याला दाएंग म्हणू? जीभ झडेल माझी!"

"पुआंग, करार झाला नाही, तर दक्षिणेच्या शत्रूचं सैन्य पेरणीआधी दारात येईल. मग जीभ घेऊन काय करणार?"

शपथेची रीत अशी, की प्रत्येक राजानं स्वतःच्या हातानं दगड उचलून त्याखाली अंडं फोडायचं. शपथ मोडणाऱ्याचं तसंच व्हावं. मग तिन्ही दगड एका खड्ड्यात पुरायचे. अंडं फुटलं नाही, तर शपथ नाही.

राजानं नदीतून असा दगड काढवला, की चार गडी घामाघूम झाले.

"थोरला कोण, ते बघूनच कळेल सगळ्यांना."

"पण पुआंग, उचलायचा तुम्हाला एकट्याला."

"तू लिहायचं काम कर."

शपथेच्या दिवशी सगळ्यात धाकट्या राजानं लिंबाएवढ्या दगडानं अंडं टचकन फोडलं. पब्बेआनं नारळाएवढ्या दगडानं. मग आमचा राजा वाकला. दगड गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. कुणी हसेना, आणि तेच जास्त झोंबत होतं. अंडं हातभर डावीकडे, धडधाकट.

तासाभरापूर्वीच मी कलम वाचून दाखवलं होतं: एक पडू लागला, तर दुसऱ्यानं उचलून धरायचं. पब्बेआ उठला आणि त्यानं दगडाखाली हात घातले.

"दाएंग, जरा डावीकडे!" आमच्या राजाच्या तोंडून निघून गेलं.

अंडं फुटलं. सभेनं हुंकार दिला. राजे जेवायला गेले आणि दगड पुरले जाईपर्यंत मी खड्ड्यापाशी थांबलो.

परतताना राजानं घोडा माझ्याजवळ आणला.

"माझा दगड सगळ्यात मोठा, हे लिहिलंस?"

"लिहिलं, पुआंग."

"खड्ड्यात कुठं ठेवला?"

"सगळ्यात जड म्हणून तळाला."

"आणि पब्बेआचा?"

"तुमच्यावर."

राजानं घोडा थांबवला. "उकरता येईल का रे?"

"येईल. पण मग करार मोडतो."


तो पुढे निघाला. "तरी तुला सांगतो, त्यानं मुद्दामच वर ठेवायला लावला असणार."