फटींतली हिरवळ

"बाई, आमची रोपं सगळ्या शाळेकडून तुडवून घ्याल का?"

मुख्याध्यापिकाबाईंना हे विचारायची माझी छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. दाराआड सगळ्या खुसखुसत होत्या. बाईंनी चष्मा काढला.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

होतं की. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या वाटेवर माझ्याच बाबांनी सुट्या सुट्या फरश्या बसवल्या होत्या. फटींतला चिखल बुटांबरोबर वर्गात यायचा, म्हणून बाई त्यात सिमेंट भरून घेणार होत्या. मी मुदत मागून तिथे जमिनीलगत पसरणारी, बारीक पानांची वेल लावली. भोवती दोरी बांधली. कुणी जवळ फिरकलं की अंगावर धावून जायचे. वेल एवढी लाडावली, की माना उंचावून उभी. खाली माती उघडीच.

"मुदत संपली, की सिमेंटचं पोतं आणतो, बाईसाहेब," बाबा मला चिडवत म्हणाले. "आटोपलं तुमचं शेत."

तेवढ्यात चेंडूमागे धावणाऱ्या मुलींनी दोरी तोडून एक कोपरा पार चेचला. मी कडाकडा भांडले. पण पुढच्या आठवड्यात तोच कोपरा सगळ्यांत दाट. वेलीची एक काडी उचलायला गेले तर निघेना. जिथे जिथे ती मातीत दाबली गेली होती, तिथे पेरातून पांढरी मुळं फुटली होती.

हे सगळं मी बाईंना एका दमात सांगितलं. त्या माझ्याबरोबर आल्या, वाकल्या, काडी ओढून पाहिली. निघाली नाही.

"दोरी काढ," म्हणाल्या. "आणि वडिलांना सांग, महिनाभर थांबा."

मग रोज मैदानातून वर्गाकडे जाताना अख्खी शाळा माझ्या वाटेवरून. मैत्रिणी मुद्दाम पाय आपटायच्या. "काय माळीणबाई, पुरे का?"

"बस? सकाळी नाश्ता नाही केलात का गं?"

आज बाबा पोतं घेऊन हजर. बाईंनी त्यांच्यासमोरच वाटेवर पाण्याचा पाइप सोडला. पाणी गटारापर्यंत गेलं, नितळ. बाबांनी थापीचं टोक फटीत खुपसून पाहिलं, हिरवी गादी जागची हलेना. पोतं आलं तसं परत गेलं.

"तुझ्या लेकीने माझ्या पोटावर पाय दिला," बाबा घरी आईला सांगत होते, पण हसू काही लपत नव्हतं.

"कुणावर गेलीय, विचारा," आई म्हणाली.

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "ऐका, माझं ठरलंय. यापुढे बाबा जिथे जिथे वाट बांधतील, तिथे फरश्या त्यांच्या आणि फटी माझ्या."