लसीच्या डब्याने ऐकलेलं अर्धं खरं

माझा निळा रंग उन्हानं विटला आहे, झाकणाची एक कडी मोडली आहे. तरी मला पाहिलं की लहान मुलं अजून दंड लपवतात. होय मित्रांनो, मी नर्सबाईंचा लसीचा डबा. बुलढाण्याकडच्या धाड गावाजवळ, एका लहान गावाच्या उपकेंद्रात, मोडक्या खुर्च्यांमागे आता माझा मुक्काम असतो.

जाड भिंती, आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या आणि मधोमध लसीच्या कुप्या, अशी माझी घडण. बाहेर कितीही ऊन तापलं तरी आत थंडावा राखायचा, एवढंच माझं काम. पोलिओच्या रविवारी आमच्या नर्सबाई, वंदनाबाई, मला स्कुटीवर पायाशी ठेवून शेतावरच्या झोपड्यांपर्यंत नेत. वाटेत गोजरबाईंचं घर लागे. सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी मला ओट्यावर सावलीत जागा करून देई. "डब्याले ऊन लागू देऊ नको वं पोरी," असं नर्सबाईंनाच बजावत असे.

मग करोना आला आणि माझे दिवस पालटले. लोक माझी वाट पाहू लागले. शाळेच्या फाटकापासून रांग लागली. कोणी तर मला हळदकुंकूही लावलं. वंदनाबाई प्रत्येकाला सांगत, "दोन सुया घ्या, करोना जवळ येत नाई." लोकांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. गोजरबाई तेव्हा डोणगावला नातीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या, म्हणून त्यांची सुई राहून गेली.

थंडीत विषाणूचा नवा प्रकार आला. त्याचं ओमायक्रॉन हे नाव गावाला नीट उच्चारताही येईना. पण मोबाइलवर रोज काहीतरी नवीन येई. कोणी म्हणे, लस चालते. कोणी म्हणे, मुळीच चालत नाही. अशात दोन्ही सुया घेतलेल्या तुळशीराम पोस्टमनांना करोना झाला, आणि गाव हबकलं.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी टेबलावर होतो. गोजरबाई बाही वर करून रांगेत पुढे आल्या होत्या. इतक्यात त्यांचा मुलगा इंद्रभान गर्दीतून आला. तो पिकअप गाडीनं मलकापूरला कापूस पोचवायचा. चार गावं हिंडलेला, म्हणून लोक त्याचं ऐकत.

"हे सुई जुन्या रोगाची हाय," तो ओरडला. "नव्याले चालत नाई. तुळशीरामभाऊले झालाच ना? मंग टोचून फायदा काय?"

वंदनाबाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "जवळ येत नाई म्हणलं, ते माझं चुकलं. होऊ शकते. नव्याले ही सुई कमी अडवते. पण जिवावर बेतायची भीती लई कमी होते. तुळशीरामभाऊ घरीच हायेत, बरे होऊन राह्यले."

"काल एक सांगता, आज एक!" कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

इंद्रभाननं आईचा हात धरला आणि तिला रांगेतून बाहेर नेलं. बाही वरच राहिली होती. तिच्यामागची रांगही पांगली. त्या दिवशी उघडलेली कुपी टाकून द्यावी लागली.

तीन आठवड्यांनी दुपारी उपकेंद्रापाशी पिकअप थांबली. इंद्रभान आणि त्याची बायको करिष्मा गोजरबाईंना दोन्ही बाजूंनी धरून आत घेऊन आले. म्हातारीला धाप लागली होती. वंदनाबाईंनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि लगेच रुग्णवाहिकेला फोन केला. बुलढाण्याला नेण्याआधी कागद भरायचा होता.

"घरात सुया कोणाच्या झाल्या?"

इंद्रभान जमिनीकडे पाहत राहिला. करिष्मा नवऱ्याकडे बोट करून हळूच म्हणाली, "यायच्या दोन्ही झाल्या. मलकापुरात. त्याबिगर कापसाच्या जिनिंगमधी गाडी आत घेत नव्हते."

वंदनाबाईंचा पेन थांबला. मी निर्जीव वस्तू. पण त्या क्षणी माझ्या आतला बर्फ तडकल्यासारखं मला वाटलं.

बाकावरून गोजरबाईंनी मान उचलली. "तू घेतली होती बापा?" शब्दाशब्दाला त्यांना दम लागत होता. "मंग मले काऊन नेलं रे, हात धरून?"

"मले दोन दिवस ताप आला होता, माय," इंद्रभानचा आवाज फुटला. "तुले झेपन का नाई, वाटलं. अन् नव्याले चालतच नाई, तर कायले तरास..."

रुग्णवाहिका आली. नवव्या दिवशी बुलढाण्याहून निरोप आला की त्या गेल्या.

सुई घेतली असती तर त्या नक्की वाचल्या असत्या का? मित्रांनो, हे मला माहीत नाही. वंदनाबाईंनाही कोणी विचारलं, तर त्या तसंच सांगतात.

त्यानंतरच्या लसीकरणाला इंद्रभान आला. डोक्याचे केस काढलेले, दाढी वाढलेली. टेबलापाशी उभा राहून तो रांगेकडे वळला. "मी खोटं नाई बोललो," तो म्हणाला. "मले तसंच वाटत होतं. पण सोता दोन सुया घेऊन बसलो, हे सांगतलं नाई. अर्धंच बोललो."

वंदनाबाईंनी त्याला खुर्ची पुढे केली. "पयल्यांदा मी बी अर्धंच बोलली होती, भाऊ."

त्या दिवशी रांग फार मोठी नव्हती. पण आलेला प्रत्येक जण प्रश्न विचारत होता, आणि वंदनाबाई न कंटाळता उत्तरं देत होत्या. काही वेळा "हे अजून कोणालेच पक्कं माहीत नाई" असंही त्या म्हणाल्या. ते ऐकून कोणी हसलं नाही.

मित्रांनो, रोग नवा आला की लोक वाद घालणारच. तुम्हीही घाला. जाणकारांना खोदून खोदून विचारा. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला रांगेतून बाहेर नेण्याआधी, त्याला काय हवं आहे ते एकदा विचारा. त्या दिवशी व्हरांड्यात इतकी माणसं तावातावानं बोलत होती. गोजरबाईंना मात्र कोणीच काही विचारलं नाही.