मामाचा गुडघा

ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या मामाचा डावा पाय अपघातात मांडीपासून गेला. मामा न्हावी. सगळं काम उभ्यानं. काखेत कुबड्या धरून कात्री चालवणार कशी? दुकानाला कुलूप लागलं आणि मामा खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर करवादू लागला.

प्रोजेक्टसाठी तिनं कृत्रिम गुडघाच घेतला. साधे गुडघे ऐन वजन टाकताना दुमडतात. टाच टेकली की आपोआप अडकेल असा सांधा तिला करायचा होता. पहिले दोन मोडले. दुसऱ्या वेळी मामा लॅबच्या फरशीवर आडवा झाला आणि प्रोजेक्टच्या सरांदेखत म्हणाला, "पोरी, उरलेला तरी राहू दे!"

तिसरा टिकला. मामा चालला, जिना उतरला. चाचण्या चालू होत्या तोवर सरांनी पाय घरी नेऊ दिला. मामानं दुकान उघडलं. "पोरांनी साधी काठी दिली नाही, भाचीनं पाय दिला," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावंच लागे.

मग या गुडघ्यावरचा सरांचा शोधनिबंध स्वीकारला गेला आणि सरांनी पाय परत मागितला.

"सर, ते त्यावर काम करतात."

"संस्थेची वस्तू आहे. उद्या पडले तर जबाबदार कोण, तू?"

"मग दुसरा बनवू द्या."

"प्रोजेक्ट संपला. आता परीक्षेचं बघ."

तिनं विभागप्रमुखांचे उंबरे झिजवले. तिथंही नियमच ऐकायला मिळाले. शेवटी मामानंच पट्टे सोडले. "ने. तुझं वर्ष नको अडकायला."

प्रदर्शनात सरांनी तो सांधा एका धडधाकट विद्यार्थ्याला लावला, त्याचा स्वतःचा पाय मागे दुमडून बांधून. तो मंचावर ऐटीत चालला. टाळ्या पडल्या. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

"सर, मामांची मांडी बसायची ती त्यांच्या मापाची वाटी होती ना वर?"

"ती कापावी लागली. भंगारात असेल. का गं?"



घरी मामानं विचारलं, "आला नंबर?"

"पहिला."

"मग तोंड का पाडलंस?"

"नोकरी लागली की दुसरा करून देईन, मामा. नक्की."

"करशील गं," मामा म्हणाला. "दुकान दिलं मी. मोबाइलवाला आलाय तिथं. खुर्च्याही त्यानं बाहेर काढल्या."

आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.