कोरडी कॉक्स

चॉकलेटचा डबा! तीन वर्षं घसा फोडून ओरडल्याबद्दल, आज फायनल जिंकून दिल्याबद्दल, चॉकलेटचा डबा! वर जांभळी रिबीन. आणि तो द्यायला हेदर दोन्ही हात पुढे करून अशी उभी, जशी मंजिरी पारसनीस म्हणजे क्लब बघायला आलेली कोणी पाहुणीच. मंजिरीच्या मनात आलं, हा डबा हिच्याच टाळक्यात हाणावा. हेदर पावणेसहा फूट आणि मंजिरी बेचाळीस किलोची चिमणी, त्या टाळक्यापर्यंत तिचा हात पोचलाही नसता, ही गोष्ट वेगळी.

झालं होतं ते असं. १९८८चा जुलै, थेम्सवरची शर्यत, सोळा वर्षांखालच्या मुलींची चार वल्ह्यांची बोट. वल्ही मारणाऱ्या चौघी उलट्या तोंडानं बसतात, बोट कुठे चाललीय ते त्यांना दिसतच नाही. दिसतं फक्त पाचवीला. ती बोटीच्या शेपटाकडे त्यांच्यासमोर बसते, दोन्ही हातांत सुकाणूच्या दोऱ्या धरते आणि ओरडते. तिला म्हणतात कॉक्स. मंजिरी कॉक्स होती. घरी ब्रॅकनेलला जिन्यातून हाक मारली तरी आई म्हणायची, "तोंड मीट गं, शेजारी काय म्हणतील!" नदीवर मात्र त्याच तोंडाला मान होता. चार धिप्पाड मुली त्या तोंडाच्या हुकुमावर हाडं मोडेपर्यंत राबायच्या.

आणि आज तर कमालच केली होती पोरीनं. शेवटचे अडीचशे मीटर उरले तेव्हा दुसरी बोट अर्ध्या बोटीच्या लांबीनं पुढे होती. मंजिरीनं तिरक्या नजरेनं पाहिलं, तिकडच्या एका मुलीची मान खाली गेली होती. ठरलं होतं त्याच्या दहा वल्ही आधीच तिनं आरोळी ठोकली, "नाऊ! सगळं द्या, आत्ता!" समोरच्या हेदरनं डोळे वटारून पाहिलं, पण दिलं. चौघींनी दिलं. तीन फुटांनी जिंकल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आता नदीवर एक रीत असते. बोट जिंकली की त्याच बोटीतल्या मुली आपल्या कॉक्सला हातपाय धरून उचलतात, झोका देतात आणि पाण्यात फेकतात. चषक काय, तो सगळ्यांचा असतो, कपाटात जातो. पाण्यात पडणं फक्त कॉक्सचं. दरेक शर्यतीला मंजिरी बॅगेत कपड्यांचा एक कोरडा जोड न्यायची, ओल्या बुटांसाठी प्लास्टिकची पिशवी न्यायची आणि संध्याकाळी ती घडी न मोडता परत आणायची. तीन वर्षं! आज बोट धक्क्याला लागली, चौघींनी ती पाण्यातून वर काढली, मंजिरीनं हळूच घड्याळ काढून बॅगेत ठेवलं आणि ती अगदी कडेला जाऊन उभी राहिली. पाठ नदीकडे. या म्हटलं.

शेजारच्या धक्क्यावर मुलांच्या क्लबनं त्यांच्या कॉक्सला फेकलं. पलीकडे दुसऱ्या एका शाळेची कॉक्स किंचाळत पाण्यात गेली. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंजिरीच्या चौघी मात्र एकेक करत आल्या आणि त्यांनी तिच्याशी शेकहँड केला. शेकहँड! बँकेच्या मॅनेजरशी करतात तसा. कोच मिसेस प्रॉक्टर खांद्यावर थोपटून "वेल डन, डिअर" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मग आला तो डबा.

"मला टाकणार नाही?" मंजिरीनं विचारलं. विचारावं लागलं, ह्यातच तिचा जीव अर्धा झाला.

हेदर कानापर्यंत लाल झाली. "तुझ्या मम्मीनं एप्रिलमध्ये लेटर पाठवलं होतं ना. तुमच्या धर्मात मुलींना असं नदीत टाकलेलं चालत नाही, कोणी हातपाय धरलेलेही चालत नाहीत म्हणून. मिसेस प्रॉक्टरनी आम्हाला वाचून दाखवलं. डोन्ट वरी, आम्ही सगळ्या त्याचा मान ठेवतो. म्हणून आम्ही वर्गणी काढून चॉकलेट आणलं."

एप्रिल!

मंजिरीच्या डोक्यात एकेक गोष्ट खटाखट जागेवर बसली. एप्रिलपासून बोट धुताना ह्या चौघी एकमेकींवर बादल्या ओतायच्या आणि ती जवळ आली की थांबायच्या. कपडे बदलताना तिच्याकडे पाठ करायच्या. शनिवारी सराव झाल्यावर चिप्स खायला जाताना तिला विचारायच्या नाहीत, आणि विचारलंच तर इतकं जपून, इतकं गोड, की तीच नको म्हणायची. तिला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय. दोन-तीनदा बाथरूममध्ये नळ सोडून रडलीसुद्धा होती. आणि इकडे सगळ्या मिळून तिच्या धर्माचा मान ठेवत होत्या!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा काखोटीला मारून ती सरळ कार पार्कच्या दिशेनं सुटली.

तिथे आईबाबा गाडीची डिकी उघडून बसले होते. बाबा म्हणजे शशिकांत पारसनीस, कॉम्प्युटर कंपनीत होते आणि भांडणाच्या जागी शक्यतो नसत. आई, डॉक्टर सुलक्षणा, हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे बड्या डॉक्टरसाहेबांच्या हाताखालची डॉक्टर. ती फॉइलमधून मेथीचे पराठे काढत होती.

"आली गं माझी बाई! जिंकलात ना? आम्ही पुलावरून..."

मंजिरीनं डबा बॉनेटवर आदळला. "तू मिसेस प्रॉक्टरला लेटर लिहिला?"

आईचा हात फॉइलवरच राहिला. बाबांनी नदीकडे बघायला सुरुवात केली.

"लिहिला का नाही? टेल मी! माझा रिलिजन म्हणे चालत नाही! कुठला रिलिजन? बाबा संडेला बेकन खातात! लास्ट इयर नाशिकला गेलो तेव्हा गोदावरीत तूच मला बुडवली, माझा नाक धरून, तीन वेळा! तो चालतो आणि थेम्स चालत नाही?" रागावली की मंजिरीचं मराठी असं वाट्टेल तसं धावायचं. एरवी आई लगेच दुरुस्त करायची. आज तिची काय बिशाद होती!

"हळू बोल," आई म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे! तुझा नेहमीचा आहे हा. फ्रायडेला पबमध्ये जायचं नाही, सांग रिलिजन. स्कूलचा डिस्को नको, सांग रिलिजन. तेव्हा मीपण हसायची. पण हा माझा बोट होता, आई! माझा! तीन वर्षांत मला फक्त एक गोष्ट पाहिजे होता!"

"अगं, आधी पराठा खा, मग भांडा," बाबा म्हणाले.

"तुम्ही टाइप केला ना ऑफिसमध्ये?" मंजिरी गर्रकन वळली. बाबा परत नदीकडे बघू लागले.

आता सुलक्षणाबाईही काही मऊ मेणाच्या नव्हत्या. अकरा वर्षं ह्या देशातल्या हॉस्पिटलात त्यांनी साहेबांची बोलणी मूग गिळून ऐकली होती, लेकीची ऐकायला त्या बांधील नव्हत्या. त्यांनी पराठा खाली ठेवला.

"ऐक मग. नाशिकहून आल्यावर नोव्हेंबरात माझ्या वॉर्डात एक मुलगी आली. सोळा वर्षांची. शाळेबरोबर नावेतून गेली होती, पाण्यात पडली, हसत वर आली. दहा दिवसांनी ताप. माझ्याकडे आली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी बंद. उंदरांचं मूत असतं ह्या नद्यांच्या पाण्यात, त्यातून होतं. लाखात एखाद्याला होतं, सगळे मला तेच सांगतात. सहाव्या दिवशी गेली ती. तिच्या आईला मी सांगितलं, मंजू. मी सांगितलं."

मंजिरीनं एकदा वळून नदीकडे पाहिलं. पण राग एवढ्यानं उतरत नाही.

"मग तो लिहायचा ना! खरा लिहायचा!"

"खरं लिहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, एवढी भीती वाटते तर मुलीला घरी ठेवा. तुझी जागा गेली असती. डॉक्टरचं कारण दिलं की हे लोक वाद घालतात. धर्म म्हटलं की गप्प बसतात."

"गप्पच बसल्या!" मंजिरी अशी ओरडली की पलीकडच्या गाडीतला कुत्रा भुंकायला लागला. "सगळ्या गप्प बसल्या, आई! तीन महिने! कोणी मला पाणी मारला नाही, कोणी मला शिवी दिला नाही, कोणी मला हात लावला नाही! मला वाटायचा मी घाण आहे!"

हे ऐकून आईचा चेहरा पडला. पण लगेच तिचाही पारा चढला, कारण चूक पदरात पडली की माणूस आधी चिडतं.

मंजिरीनं तिचं मनगट पकडलं. "चल. त्यांना सांग. आत्ता सांग, तू खोटा लिहिला."

"हात सोड माझा."

"नाही सोडणार."

बेचाळीस किलोच्या मुलीनं आपल्या आईला कार पार्कातून, सँडविच खाणाऱ्या घोळक्यांमधून, मिसेस प्रॉक्टरच्या अंगावरून ओढत धक्क्यापर्यंत नेलं. चौघी जणी बोट ट्रेलरवर चढवायला निघाल्या होत्या. ती दोन डोकी तावातावानं येताना पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. मंजिरी मघाच्याच जागी, कडेला, नदीकडे पाठ करून उभी राहिली.

"बोल! घाबरली? हॉस्पिटलमध्ये पण गप्प, इथे पण गप्प!"

ते बोलायला नको होतं. सुलक्षणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एवढं पडायचंय तुला पाण्यात?"

"हो!"

"एवढं पडायचंय?"

"हो! हो! हो!"

"मग पड!" म्हणाली आई, आणि दोन्ही हातांनी लेकीला छातीवर असा धक्का दिला की मंजिरी बुटांसकट धाडकन थेम्समध्ये गेली.

मग आईच ओरडली. धक्क्याच्या ओल्या फळ्यांवर ती गुडघ्यांवर पडली आणि किंचाळायला लागली, "तोंड मीट! मंजू, तोंड मीट! पाणी पिऊ नकोस! नाक धर! अगं, तोंड मीट!" ती दोन्ही हात पाण्यात घालून चाचपडत होती, कोपरापर्यंत भिजली होती. ज्या पाण्याला भिऊन तिनं पत्र लिहिलं, त्याच पाण्यात.

मंजिरी वर आली. खोकली. केस डोळ्यांवर आलेले, आणि अजूनही डोळ्यांत अंगार. "हा काउंट होत नाही!" ती पाण्यातूनच ओरडली. "तू नाही टाकायचा! त्यांनी टाकायचा असतो!"

चौघी धावत आल्या होत्या. हेदरचं तोंड उघडंच. "मिसेस पारसनीस! पण तुमचा धर्म..."

सुलक्षणाबाई उठल्या. पँट गुडघ्यावर फाटली होती, बाह्यांतून पाणी गळत होतं. मिसेस प्रॉक्टर मागे येऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागे निम्मा क्लब. आईनं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग वॉर्डात कधीही न काढलेल्या आवाजात, खणखणीत इंग्रजीत ती म्हणाली, "धर्मात तसं काही नाही. मी खोटं लिहिलं. मला भीती वाटत होती, म्हणून लिहिलं. ह्यात माझ्या मुलीचा काडीचा दोष नाही."

कोणी काही बोललं नाही. गप्प बसायची सवय लागली होती सगळ्यांना. ते बघून आई पुन्हा भडकली.

"बघत काय उभ्या राहिलात? काढा तिला बाहेर! आणि नीट टाका. चौघी मिळून टाका, तुमची रीत असेल तशी. एकदा भिजलीच आहे, औषध तर मी देणारच आहे."

हेदरनं पोटावर झोपून मंजिरीला काखेत धरून वर खेचलं. वर काढता काढता तिच्या कानात म्हणाली, "यू इडियट, आम्हाला सांगायचं तरी!" आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मंजिरीला कोणी शिवी दिली. दोघींनी हात धरले, दोघींनी पाय. कसे धरले म्हणाल, तर जपून नाही, करकचून. पिशवीसारखी ती हवेत लोंबकळली.

झोका कोण मोजणार यावर त्या चौघींचा लगेच गोंधळ झाला. तशा त्या कॉक्सवाचून कधी काही नीट करतच नसत.

"माझ्या हुकुमावर!" मंजिरी उलट्या मानेनं कडाडली. "रेडी? वन!"

"तोंड मीट गं!" आई धक्क्यावरून ओरडत होती. तिच्या हातात पर्समधून काढलेली गोळ्यांची स्ट्रिप होती. "मंजू, ऐक माझं, तोंड मीट!"

"टू!"

"मंजिरी!"

"थ्री!" मंजिरी ओरडली, आणि पाण्यात पडेपर्यंत ओरडतच राहिली.