सत्ताविसावा खेळाडू

“येतो, ताई.”

माझ्या बाबांनी मला आयुष्यात एकदाच ताई म्हटलं. मी बारा वर्षांची होते. परीक्षेचा दिवस, आणि घरी राहिलेली कंपासपेटी द्यायला ते शाळेच्या फाटकापर्यंत धावत आले होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, बोटं निळीने रंगलेली. सोबतच्या मैत्रिणीने विचारलं, “कोण गं हे?” मी म्हणाले, “आमच्याकडचे इस्त्रीवाले.” बाबांनी पेटी माझ्या हातात दिली, एक पाऊल मागे सरकले आणि ते दोन शब्द बोलले. राग नव्हता आवाजात. गिऱ्हाइकापुढे कपडा ठेवताना असायचा तसा मऊ, नीट घडी घातलेला आवाज होता.

त्याला तेवीस वर्षं झाली. त्यावर ना ते कधी बोलले, ना मी. आमच्या घरात बोलणं भरपूर होतं, फक्त त्या एका दिवसाला वळसा घालून जायचं.

आता मी खेळ लिहिते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमची एक खोली आहे, दोन टेबलं, एक पंखा आणि आम्ही दोघी. गोष्ट मी लिहायची आणि ती कॉम्प्युटरला समजावायची माझ्या मैत्रिणीने. तिला सगळे इंजिन म्हणतात, कारण ती सुरू झाली की थांबत नाही. आमच्या खेळात चित्रं नाहीत. पडद्यावर ओळी उमटतात: ‘तू अंगणात उभी आहेस. समोर पाण्याचे तीन हौद.’ खेळणाऱ्याने खाली लिहायचं, ‘हौदात उतर’, की गोष्ट पुढे सरकते. खेळाला न समजणारं काही लिहिलं, तर उत्तर एकच: ‘तसं करता येत नाही.’

गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधली. नायिका कपडे धुणाऱ्याची मुलगी. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका बड्या माणसाला दुपारच्या आत पांढराशुभ्र झगा हवा आहे, चौकाच्या दुसऱ्या टोकावरून डोळ्यांत भरेल इतका पांढरा. तिथे नाक्यानाक्यावर मडकी ठेवून लोकांचं मूत साठवत आणि कपडे त्यात तुडवून धूत, हे वाचून दाखवलं तेव्हा इंजिन खुर्चीतून पडायची बाकी होती.

“म्हणजे नायिका पहिल्याच प्रसंगात नाक्यावरचं मडकं उचलून आणणार?”

“हो.”

“छान. जेवताना खेळू नये असं वर लिहून टाकू.”

हौदात तुडवणाऱ्या बायांच्या तोंडी मी एक गाणंही घातलं होतं:

*तुडविते पाण्यामधी थोरामोठ्यांची पांघरुणं,*
*डाग त्यांचे, हात माझे, उजळे त्यांचं जिणं.*

झगा धुऊन होतो, बाप-लेक तो घेऊन त्या बड्या माणसाच्या हवेलीत जातात. तिथे मालकाची मुलगी नाक दाबून विचारते, “हा कोण?” आणि आमची नायिका म्हणते, “माझा कुणी नाही.” इथे खेळणाऱ्याला निवड नव्हती. काहीही लिहिलं तरी ती तेच म्हणायची. बाप निघून जायचा, हवेलीचं आतलं दार उघडायचं आणि पुढे ती हुशारीच्या जोरावर एकेक पायरी चढत जायची. शेवटी ‘तू जिंकलीस’.

चाळीस जणांना आम्ही तो खेळून बघायला दिला. नावं नाहीत, नुसते नंबर. प्रत्येकाने काय काय लिहिलं ते साठत होतं. महिन्याभराने आम्ही ते उघडलं. पहिला तास हसण्यात गेला. नऊ नंबरने त्या बड्या माणसाला मिठी मारली होती, त्यावर आमच्या खेळाने त्याला दार समजून उत्तर दिलं होतं, ‘ते कुलूपबंद आहे.’ चौदा नंबरने मडक्याशी गप्पा मारल्या होत्या, अकरा वेळा.

मग इंजिन वाचता वाचता थांबली. असं सहसा होत नाही.

“हे बघ,” ती म्हणाली. “हवेलीपर्यंत सगळे सरळ येतात. आतलं दार उघडतं. आणि चाळिसातले एकतीस जण आत जातच नाहीत.”

मी वाचू लागले. ‘मागे फिर.’ ‘बापाला हाक मार.’ ‘धावत जा.’ ‘माफी माग.’ ‘माफी माग.’ ‘खरं सांग.’ आणि प्रत्येक ओळीखाली आमचं उत्तर: तसं करता येत नाही. तीन नंबरने ‘माफी माग’ एकोणीस वेळा लिहिलं होतं, आणि मग खेळ बंद केला होता.

“मग लिही की तो प्रसंग,” इंजिन म्हणाली. “लोक मागतायत.”

“त्या काळातल्या मुली अशा माफ्या मागत नसतील.”

“तू गेली होतीस बघायला?”

“गोष्ट लांबेल.”

“मडक्यावर तू चार पानं लिहिलीस गं बाई.”

मी उठून खिडकीशी गेले. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं. ती म्हणाली, “एक सांगते, चिडू नकोस. सत्तावीस नंबर तुझे बाबा आहेत.”

मी वळले.

“अगं, धुण्यावरचा खेळ आणि घरचा जाणकार सोडून मी बाहेर शोधायला जाऊ? मीच त्यांच्या फोनवर घालून दिला. तुला सांगू नको म्हणाले. सगळ्यांत कामाच्या सूचना त्यांच्याच आहेत, वाच.”

खरंच होत्या. ‘पांढरेपणासाठी गंधकाची धुरी ओल्या लोकरीला द्यावी. तुम्ही कोरड्याला दिली आहे, धरणार नाही.’ ‘खडू चोळण्याआधी झटकणे.’ एका बोटाने लिहिलेली, तुटक वाक्यं. मी भराभर खाली सरकत हवेलीपर्यंत आले. तिथे त्यांनी दोन दिवस काहीच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक ओळ होती.

‘पोरीला सांगा, मला राग आलेला नाही.’

आणि त्याखाली आमचा खेळ. तसं करता येत नाही.

त्या खेळात सगळे जण मुलगी होऊन खेळत होते. फक्त एक माणूस बाप होऊन खेळला होता, आणि त्याचं बोलणं ऐकायची सोयच मी ठेवली नव्हती.

दोन दिवस मी तो प्रसंग लिहीत बसले. मुलगी धावते, बापाला गाठते, ‘मला माफ करा’ म्हणते. इथपर्यंत लेखणी यायची आणि अडायची. बाप काय म्हणतो? मी सात उत्तरं लिहिली, सातही खोटी. एकात तो रडत होता, एकात उपदेश करत होता, एकात तर चक्क कविता म्हणत होता. इंजिनने ती वाचली आणि म्हणाली, “हा माणूस कपडे धुणारा वाटत नाही. तू खऱ्याला विचारून ये.”

दुपारी चारच्या सुमाराला मी बाबांच्या लाँड्रीत गेले. तेव्हा गर्दी ओसरते. बाबा इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर कुणाचातरी पांढरा कोट. मला पाहून त्यांनी मानेनेच स्टुलाकडे खूण केली.

“आज वाट चुकलीस?”

“कामाला आले. एका खेळाडूने सूचना केल्यात, त्यावर बोलायचंय.”

इस्त्री क्षणभर थबकली, मग कॉलरवरून पुढे गेली. “ती तुझी मैत्रीण. पोटात काही राहत नाही तिच्या.”

“ओल्यालाच धुरी का?”

“धूर पाण्यात विरघळतो, तेव्हा आत जातो. कोरड्यावर नुसता वास राहतो. आमचे आजोबा द्यायचे लोकरीला, टोपलीखाली.” ते खुशीत आले होते. “बाकी बरं जमलंय तुला. त्या बाया गातात ते तर फार आवडलं. मडक्याचं मात्र वाचवलं नाही मला.”

“हवेलीचं कसं वाटलं?”

त्यांनी कोट हँगरवर चढवला. खांद्यावरची नसलेली सुरकुती सरळ केली. “ते ठीक आहे.”

“तिथे तुम्ही काहीतरी लिहिलं होतं.”

“बोट लागलं असेल. बारीक असतात ती अक्षरं.”

“बाबा, लोकांना तिथे तिने माफी मागायला हवी आहे. मी लिहितेय, पण बापाला काय बोलायला लावू ते कळत नाही. तुम्ही सांगा. तो काय म्हणेल?”

ते हसले. दुसरा कपडा टेबलावर पसरला, त्यावर पाणी शिंपडलं.

“तो काय म्हणणार? त्याच्या मागे पन्नास कपडे पडलेत. आधी ती काय म्हणते ते तर लिही.”

“लिहिलंय. ‘मला माफ करा.’”

“झालं?”

“अजून काय हवं?”

“कशाबद्दल, ते नको का? लोक येतात, म्हणतात, डाग काढा. मी विचारतो, कशाचा? म्हणतात, काय माहीत. मग मी पाण्याला हातच लावत नाही. शाईचा असेल तर वेगळं, रक्ताचा असेल तर वेगळं. चुकीचं काही लावलं तर बसतो तो कायमचा.” त्यांनी इस्त्री उचलली, गालाजवळ नेऊन धग पाहिली. “पोरीला सांग, कशाचा ते नीट बोल. मग बघू बाप काय म्हणतो ते.”

वाफ वर गेली. तिच्या आड त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि मला वाटतं ते त्यांना बरंच वाटत होतं. माझ्याकडे वही होती, पेन होतं. त्या मुलीसाठी चार ओळी लिहून घरी जाता आलं असतं. मी वही बंद केली.

“बाबा, इस्त्री खाली ठेवा.”

त्यांनी ती उभी करून ठेवली.

“मी बारा वर्षांची होते. परीक्षा होती. तुम्ही कंपासपेटी घेऊन धावत आलात, आणि मैत्रिणीने विचारलं हे कोण, तर मी म्हणाले, आमच्याकडचे इस्त्रीवाले. मला तुमच्या हातांची लाज वाटली होती. तुम्हाला ऐकू गेलं हे मी पाहिलं होतं, तरी मी वळून आत निघून गेले. त्याची माफी मागतेय, बाबा. खेळातली मुलगी नाही. मी.”