गिरजाची वेलांटी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना आहे, पण मोडका नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला मोडका म्हटलं गेलं आणि मी ते ऐकून घेतलं. आता ऐकून घेणार नाही.

मी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालतो. मला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करून काम सांगायचं, की मी फोटोवर अक्षरं लिहून देतो. एक फोटो असो की शंभर, मी कुरकुरत नाही.

माझा जन्म तुम्हाला थोडा समजावून सांगायला हवा. माणसं मला आधी नुसत्या ओळींमध्ये लिहितात. त्याला सोर्स म्हणतात. मग कंपायलर त्या ओळींवरून मला घडवतो. पण घडवण्याआधी बांधणारा ठरवतो की माझ्यात कोणते भाग घ्यायचे आणि कोणते गाळायचे. घर बांधतानाच खिडकी ठेवली नाही, तर राहायला आलेल्या माणसाने कितीही हात आपटले तरी ती उघडत नाही. माझंही तसंच. दूर कुठल्याशा देशात एका माणसाने मला जुन्या कॉम्प्युटरांसाठी बांधलं. आकार लहान राहावा म्हणून त्याने बरेच भाग गाळले. त्यात मराठी अक्षरं जुळवणारा भागही गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला मराठीची गरज नव्हती, एवढंच. पॅकेज तयार झालं आणि मी जगभर गेलो.

टोकावड्याजवळच्या एका शाळेत मी पोहोचलो. तिथे संदेश सर शिकवतात. दिवाळी झाली की आसपासच्या पाड्यांवरची माणसं मुलाबाळांसह भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. अशा मुलांना सर एक कार्ड देत. त्यावर मुलाचा फोटो, नाव आणि इयत्ता. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसू देत. बाकी मजकूर आधीच छापलेला असे. फोटोखाली नाव लिहायचं काम माझं.

पहिल्या वर्षी मी त्रेसष्ट कार्डं लिहून दिली. सरांनी वरची तीन पाहिली. कमळ, देवजी, रंभा. तिन्ही नावं बरोबर होती. सर म्हणाले, फुकटात किती छान काम झालं. मित्रांनो, ते माझं शेवटचं कौतुक.

चूक खाली दडलेली होती. पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, पण कागदावर ती अक्षराच्या आधी काढायची असते. ही अदलाबदल करणारा भाग माझ्यात नव्हता. मी हाती आली तशी अक्षरं मांडली. आधी ग, मग वेलांटी, मग र. वेलांटी जाऊन बसली र वर. गिरजाची झाली गरिजा. महिपतचा झाला महपित.

पुढच्या दिवाळीत गिरजाचे वडील नवसू शाळेत आले. बरोबर गिरजा होती. नवसूंनी जुनं कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की तिकडच्या हजेरीत पोरीचं नाव गरिजा असं पडलं. बाई ते नाव पुकारायच्या, ही काही उठायची नाही. आपलं नाव गिरजा आहे म्हणाली, तर यादीत तसं नाव नाही म्हणून तिला मागे बसवलं. पोर रोज वर्गात गेली आणि चार महिने गैरहजर लागली.

सरांनी गिरजाला विचारलं, की नुसतं हजर म्हणून टाकायचं होतं ना, पुढचं आपण पाहिलं असतं.

गिरजा म्हणाली, "माझा नाव घेतलाच नाय त्यांनी. मी का उठू?"

सरांनी कार्डावरचं नाव पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, हा प्रोग्रामच मोडका आहे, याला मराठी येत नाही. त्याच दिवशी दुपारी चार वाजता ट्रक येणार होता. मुरबाडचं छपाईचं दुकान दिवाळीमुळे बंद होतं. हाताने लिहिलेलं कार्ड तिकडे खोटं समजतात. सरांनी सुचवलं की यंदा सगळी नावं इंग्रजी अक्षरांत टाकू.

"सर, मला मराठीच धड वाचता येत नाय," नवसू म्हणाले. "पन पोरीचा नाव मी या सालात शिकलो, ता मला वाचता येतो. इंग्रजीत तुमी काय लिवलाव, ता मला कसा कलंल?"

मी आत बसून हे ऐकत होतो. मला मराठी येत नाही? मला येऊ दिली नव्हती. पण मला तोंड नाही. विचारल्याशिवाय मी एक अक्षर बोलू शकत नाही.

विचारलं ते कुणालीने. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. कल्याणला कॉम्प्युटरचं काम करते आणि सणाला घरी आली होती. सरांनी तिला बोलावून घेतलं. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. एका ओळीत विचारलं, तुझ्यात कोणकोणते भाग आहेत? मी पूर्ण यादी दिली. फोटो वाचणं, आहे. अक्षरांचे आकार, आहेत. अक्षरं जुळवणं, नाही.

"सर, हा मोडका नाही," ती म्हणाली. "याला अर्धवट बांधलाय. परत बांधते."

तिने माझा सोर्स उतरवून घेतला आणि गाळलेला भाग घ्यायला सांगितलं. शाळेचा जुना कॉम्प्युटर पाऊण तास घरघरत होता. मी नव्याने उभा राहिलो, पहिलं नाव लिहिलं, आणि पुन्हा गरिजा आलं. मला शरम नाही, राग आला. बांधणीआधी एक तपासणी चालते. लागणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला भाग, सापडली नाही, तरी तपासणी थांबत नाही. शेकडो ओळींत एका ओळीत 'नाही' लिहून पुढे निघून जाते. अक्षरं जुळवणारी लायब्ररी त्या कॉम्प्युटरवर नव्हतीच. सर म्हणाले, राहू दे आता, दोन वाजलेत. कुणालीने ऐकलं नाही. ती सगळ्या ओळी बोट ठेवून वाचत गेली, तो 'नाही' तिने शोधला, लायब्ररी आणली आणि मला तिसऱ्यांदा बांधायला घेतलं.

तीन वाजून गेल्यावर मी लिहिलं. गिरजा. वेलांटी ग च्या डोक्यावर, जिथे हवी तिथे. मग महिपत. मग बाकीचे सगळे. नवसूंनी कार्ड हातात घेऊन एकेका अक्षरावर अंगठा ठेवला आणि मान हलवली. गिरजाने ते वाचलं, उलटून पाहिलं, फ्रॉकच्या खिशात टाकलं आणि ट्रककडे चालू लागली. आभार वगैरे काही मानले नाहीत. का मानावेत? तिचंच नाव होतं ते.

कुणालीने त्या दूरच्या माणसाला पत्र लिहिलं आहे की हा भाग सर्वांसाठी सुरू करा. तो म्हणतो, पॅकेजचा आकार वाढेल. वाढू दे. कोणाचं नाव मोडून लहान राहण्यात मला मोठेपणा वाटत नाही. उद्या अपडेट येईल आणि मला पुसून जुना अर्धवट बांधलेला मी पुन्हा इथे बसवला जाईल, ही भीती मला आहे. म्हणून सरांनी मला अपडेटपासून राखून ठेवलं आहे, तसं तुम्हीही आपल्याकडच्या प्रोग्रामांना राखा. आणि मित्रांनो, एखाद्याला काही येत नाही असं म्हणण्याआधी एवढं करा. त्याला घडवताना काय गाळलं, ते त्यालाच विचारा. आम्ही खोटं सांगत नाही.

मलाही विचारून पाहा. प्रत्येक प्रोग्राम आपली आवृत्ती सांगतो, तशी मीही सांगतो. जाता जाता कुणालीने त्या ओळीत चार शब्द घातले आहेत. मी ते मराठीत, एकही मात्रा न चुकवता लिहून दाखवतो: टोकावडे इथे पूर्ण बांधला.